गंगूच्या विसाव्याचे दगड

डोली उतारावर खाली ठेवली. ठेवा, असं मी म्हटलं होतं. गंगूनं पाणी मागितलं. मी दिलं. ती प्यायली आणि गेली. दवाखाना मुरबाडला होता आणि आम्ही डोंगराच्या निम्म्यात होतो.

डोंबिवलीच्या आमच्या घरात सध्या आवराआवर चालू आहे. हे गेले त्याला येत्या मार्गशीर्षात वर्ष होईल. यांचे सदरे वाटून झाले. चष्मे कुणाला द्यायचे ते कळेना, म्हणून तसेच राहिले. परवा सुनेनं ओट्याखालचा खण रिकामा केला आणि आतून हाक मारली, "आई, ही हातोडी टाकून देऊ का? नारळ फोडायला नवी आणलीय."

"राहू दे," मी म्हटलं.

"अहो, पण हिचं तोंड बघा कसं झिजलंय."

"झिजणारच. खडी फोडलीय तिनं."

ती हसली. मी गंमत करतेय असं तिला वाटलं असावं. मी हातोडी पदरानं पुसून उशाशी ठेवली. दुपारी सगळे झोपल्यावर नाकाशी नेली. लोखंडाला वास असतो, पण मला हवा होता तो नव्हता. काळा दगड फुटतो तेव्हा एक वास सुटतो, गारगोटीवर गारगोटी घासल्यावर येतो तसा, किंचित जळका. तो एका वैशाखात माझ्या हातांना, केसांना, भाकरीलासुद्धा लागलेला होता. डोळे मिटले तर अजून येतो.

माझं माहेर कल्याणचं, पारनाक्याजवळचं. वडील कोर्टात कारकून होते. घरात एक काचेचं कपाट होतं, त्यात खाकी वेष्टणं घातलेली पुस्तकं होती आणि दर चार दिवसांनी वाचनालयातून नवं पुस्तक यायचं. संध्याकाळी वारा फिरला की खाडीचा खारट वास माजघरापर्यंत यायचा. मी मॅट्रिक झाले त्याच वर्षी लग्न झालं. स्वातंत्र्याला तेव्हा पाचेक वर्षं झाली असतील. हे मास्तर होते आणि यांना शाळा मिळाली होती ती मुरबाडच्याही पलीकडे, डोंगराच्या खांद्यावर, सोनटेंभा नावाच्या ठाकरांच्या वाडीत. खालच्या गावापर्यंत लाकडाची लॉरी जायची. तिथून पुढे पायवाट. ती एक माणूस जाईल एवढीच रुंद, आणि काही ठिकाणी तेवढीही नाही.

माझी ट्रंक बुधानं डोक्यावर घेतली. बुधा म्हणजे वाडीतला सगळ्यात उंच आणि सगळ्यात बोलका गडी. दुसऱ्या चढावर त्यानं विचारलं, "मास्तरीन, यात काय दगड भरल्यात?"

"पुस्तकं आहेत."

"मंग दगडच बरं. त्याचा बांध तरी झाला असता."

पुढे सगळ्या वाडीनं ते मला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी मीच ते सांगून हसायला लागले.

आमची झोपडी कारवीच्या कुडाची, शेणानं लिंपलेली. शेजारी ठमाबाई. कपाळावर गोंदण, हातात कायम काहीतरी: सूप, कोयता, नाहीतर कुणाचं तरी मूल. नवरा केव्हाच वारलेला, मुलगा खालच्या जंगलात कोळशाच्या भट्टीवर कामाला, आणि घरात सून गंगू. गंगू माझ्याच वयाची. तिनं मला नाचणीची भाकरी थापायला शिकवलं आणि मी थापलेली भाकरी हातात धरून तिच्या भोकातून माझ्याकडे पाहिलं. "सासूबाय, हितून कल्यान दिसतंय!" ठमाबाई हसली नाही, पण तिनं ती भाकरी खाल्ली.

गंगूला आगगाडीचं फार कुतूहल. ती कधी कल्याणला आलेली नव्हती.

"गाडी घाट चढते?" तिनं विचारलं.

"चढते की. कसाऱ्याचा चढते."

"मंग आमच्यात का नाय चढत?"

मी मॅट्रिक होते. मी चुलीत लाकूड सारलं.

तिथले पावसाळे आता आठवतात ते मिठावरून. चार महिने वाट तुटायची, म्हणून मीठ आणि रॉकेल आधीच वर आणून ठेवायचं. श्रावणात भिंतीला टांगलेल्या मडक्यातलं मीठ पाघळून त्याचं पाणी व्हायचं. मग शेजारणी मीठ मागत नसत, "जरा खारं दे" म्हणत, आणि आपण पळीभर पाणी घालायचं. हिवाळे आठवतात ते भाताच्या पेंढ्याच्या वासावरून. आणि उन्हाळे मोहाच्या फुलांवरून. पहाटे झाडाखाली पिवळसर सडा, आणि त्याचा गोड, आंबूस, जड वास शाळेच्या ओसरीपर्यंत. हे पोरांना पाढे सांगायचे आणि पोरं गालात मोहाची फुलं धरून बे एके बे म्हणायची.

गंगूला कळा सुरू झाल्या त्या मोह संपता संपता. सुईण होती वाडीत, तिनं दोन दिवस बघितलं आणि मग म्हणाली, खाली न्या. चादरीची झोळी बांबूला बांधली की तिथे तिला डोली म्हणतात. चार गडी, आलटून पालटून खांदा द्यायला. ठमाबाई आणि मी बरोबर. मला घेतलं ते डॉक्टरशी बोलायला, मला शहराची भाषा येत होती म्हणून.

जिवंत माणसाची डोली वाटेत भुईला लावायची नसते. गडी चालता चालता खांदा बदलतात, धापा टाकतात, पण ठेवत नाहीत. भुईला टेकते ती प्रेताची. ती जिथे टेकते ती जागा म्हणजे विसावा. हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "खाली ठेवा, तिला पाणी देऊ." चौघं थांबले. पुढच्या खांद्याला बुधा होता, बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बुधानं ठमाबाईकडे पाहिलं. ठमाबाईनं गंगूच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग त्यांनी डोली ठेवली.

मला कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी नाही, तेराव्याला नाही, नंतरही नाही. विसाव्याचा नियम मला आठवड्यानं कळला, तोही शाळेतल्या मुलींच्या भातुकलीतून. त्या बाहुलीची डोली नाचवत होत्या आणि एक दुसरीला ओरडत होती, "टेकवू नको गं, मरंल ना ती!"

त्या जागी ठमाबाईनं एक चपटा दगड ठेवला होता. मग वाटेनं येणारा जाणारा प्रत्येक जण एकेक ठेवू लागला. तिथली ती रीतच. दगड ठेवायचा, "बस गं बाय" म्हणायचं, पुढे जायचं. त्या उतारावर नुसता मुरूम, दगड नावाला नाही, म्हणून लोक खालून ओढ्यातून किंवा वरून कड्याजवळून दगड हातात घेऊनच निघायचे. ढीग वाढत गेला. गुडघ्याएवढा झाला, मग कमरेएवढा. मीही दर वेळी ठेवायची. "बस गं" मला म्हणता यायचं नाही. मी फक्त मोजायची.

यांनी अर्ज लिहायला घेतले ते त्याच पावसाळ्यात. यांचं अक्षर सुरेख, वळणदार. 'सदर वाडीस जाणेयेणेस मार्ग नसल्याने रहिवाशांची गैरसोय होते, सबब रस्ता मंजूर व्हावा.' वाट मोकळी झाली की हे अर्ज घेऊन डोंगर उतरायचे, लॉरीनं कल्याण, तिथून ठाण्याची कचेरी. साहेब दौऱ्यावर असायचे. हे तळ्याच्या काठी बसून शेंगा खायचे, पुन्हा जायचे, पुन्हा साहेब दौऱ्यावर. एक मुक्काम माझ्या माहेरी करून तिसऱ्या दिवशी परत. पायांना फोड, पण टोपी सरळ.

"काय म्हणाले?" मी विचारायची.

"अर्ज ठेवून घेतला."

"आधीच्यांचं काय झालं?"

"तेही ठेवून घेतलेत. व्यवस्थित ठेवतात हो ते."

असे सात अर्ज गेले. सातही मी साफ उतरवून काढले होते. आठव्या वेळी 'गैरसोय' या शब्दावर माझा टाक थांबला. मी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. लिहिलं, 'गंगू नावाची बाई उतारावर गेली. तिचं वय वीस होतं. तिनं शेवटी पाणी मागितलं. तिच्या सासूचं म्हणणं आहे की वाडीतल्या सुना अजून वीस वर्षांच्या आहेत आणि वाट तीच आहे.' खाली वाडीतल्या सगळ्यांचे अंगठे घेतले. हे दोनदा वाचून म्हणाले, "असा अर्ज नसतो गं."

"नसू दे," मी म्हटलं. "न्या."

त्या अर्जामुळे झालं की त्या वर्षी सगळीकडेच लोकांच्या श्रमांतून रस्ते काढायचं चाललं होतं म्हणून झालं, मला माहीत नाही. पुढल्या वर्षी कार्तिकात ठाण्याहून एक ओव्हरसियर आले. डोक्यावर टोप, काखेत छत्री, मागे तीन पायांची दुर्बीण घेऊन एक शिपाई. आल्या आल्या धापा टाकत त्यांनी यांना विचारलं, "तो अर्ज कोणी लिहिला हो?" यांनी माझ्याकडे बोट केलं. ते पाणी प्यायले.

त्यांनी दुर्बीण उभी केली, एक डोळा मिटून बघू लागले, आणि वाडी त्यांच्याभोवती गोळा झाली. बुधानं शिपायाला पटवून आत डोकावून घेतलं आणि ओरडला, "आरं, वाडी उलटी दिसतीया! घरं वर नि आभाळ खाली!" बायका पदर सावरत मागे पळाल्या. उलटं दिसायचं म्हणजे काय! ठमाबाई मात्र हलली नाही.

"उलटी दिसू दे," ती म्हणाली. "पर दिसू दे एकदा सरकारला."

ओव्हरसियर हसले. मग त्यांनी अट सांगितली. सुरुंगाची दारू, हत्यारं आणि खडी दाबायचा दगडी रूळ सरकारचा. माती, दगड आणि हात वाडीचे. पावसाळ्याआधी रस्ता माथ्याला पोचला पाहिजे. नाही पोचला तर अर्धवट काम वाहून जाईल आणि पुढच्या वर्षी ही हत्यारं दुसऱ्या गावाची.

"मिरगाच्या आत?" बुधानं विचारलं.

"आत."

"मंग आजपास्नं का नाय?"

चुन्याची फक्की डोंगरावरून वळत वळत गेली. पांढरी रेघ. ती बघायला म्हातारी माणसंसुद्धा कड्यावर येऊन बसायची. भात झोडून झालं आणि सगळी वाडी त्या रेघेवर उतरली. पहारींचा ठण्ण आवाज, टिकावाचा दबका, आणि दिवसातून एकदा सुरुंग. त्याआधी बुधा दोन्ही हात तोंडाशी धरून "होऽऽऽ" अशी आरोळी द्यायचा, सगळे आडोशाला जायचे, कोंबड्यासुद्धा शिकल्या होत्या. मग धमाका, कड्यावरून परत येणारा त्याचा आवाज, आणि दारूचा कडवट धूर. हे सकाळी शाळा घ्यायचे आणि मग धोतर खोचून घमेली वाहायचे. चष्म्यावर धूळ बसली की थांबून पुसायचे, पुन्हा बसली की पुन्हा पुसायचे. बुधा म्हणायचा, "मास्तर, डोळं मिटूनच चाला. रस्ता हितंच हाये."

बायका खडी फोडायच्या. मीही. वेताच्या कड्यात दगड धरायचा म्हणजे कपच्या उडत नाहीत, आणि शिरेवर मारायचं. शीर कुठली ते ठमाबाईनं शिकवलं. पहिल्या आठवड्यात माझ्या तळहाताची साल निघाली. दुसऱ्या आठवड्यात घट्टे आले. मी कल्याणला पत्र लिहिलं त्यात घट्ट्यांचं लिहिलं नाही, कारण वडिलांनी मला न्यायला माणूस पाठवला असता.

असा चैत्र गेला आणि वैशाख निम्मा गेला. रस्ता वरून खाली आणि खालून वर असा दोन्हीकडून येत होता, आणि मध्ये एक वळण राहिलं होतं. ते नेमकं त्या उतारावर. मुरमाची जागा. खाली हातानं रचलेल्या दगडांचा जाड थर बसल्याशिवाय तिथला रस्ता एका पावसातही टिकणार नव्हता. आणि दारू संपली होती. ओढ्यातले उचलण्याजोगे दगड केव्हाच रस्त्यात गेले होते. मुरमावरून कसाबसा ओढून नेलेला रूळ वरच्या अंगाला उभा होता, चार बैलजोड्यांचा, आणि त्याला दोन दिवसांत खाली न्यायचा हुकूम होता.

ओव्हरसियर वळणावर उभे राहिले. फितीनं माप घेतलं. मग त्यांनी छत्रीच्या टोकानं दाखवलं.

"हा ढीग आयता आहे की. एवढ्यात भागतं."

ढीग आता छातीएवढा झाला होता.

"साहेब, त्यो ढीग नाय," बुधा म्हणाला.

"मग काय आहे?"

बुधानं यांच्याकडे पाहिलं. हे पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "तो विसावा आहे, साहेब. अर्जातल्या बाईचा."

ओव्हरसियरांनी टोप काढला. डोक्यावर ऊन घेत तसेच उभे राहिले. "मग राहू दे," ते म्हणाले. "पुढल्या वर्षी बघू."

विसाव्यावर ठेवलेला दगड परत उचलत नाहीत. उचलला तर गेलेली बाई उठून उभी राहते, तिला बसायला जागा राहत नाही, असं तिथं मानतात. त्यामुळे ते "पुढल्या वर्षी" सगळ्यांनी ऐकून घेतलं. एकेक जण पहार खांद्यावर टाकून मागे वळू लागला. ठमाबाई वळली नाही. ती ढिगाजवळ जाऊन उकिडवी बसली. मी तिच्यापाशी गेले. आता नाही तर कधीच नाही, एवढं मला कळत होतं.

"ठमाबाई, डोली मी ठेवायला लावली."

"म्हाईत हाये."

"मला रीत माहीत नव्हती."

"त्ये बी म्हाईत हाये."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "चालत्या डोलीत पानी पाजता येतंय व्हय? नाकात जातंय. तिचं व्हट सुकलं हुतं. तू बोलली नसतीस तर मी बोलले असते. तू आदी बोललीस, म्हून दोन वरसं तुझ्या डोक्यावर ऱ्हायलं." मग म्हणाली, "पानी प्यायली ना?"

"प्यायली."

"मंग झालं."

ती उठली. ढिगाच्या वरचा एक दगड तिनं दोन्ही हातांनी उचलला, वळणापाशी नेला आणि चुन्याच्या रेघेच्या आत ठेवला. परत आली. सगळे बघत उभे होते.

"बसून काय करायचंय तिला?" ती मोठ्यानं म्हणाली, कुणा एकाला नाही. "बसून बसून कट्टाळली असंल. उठू दे की! तिला कल्यानला जायचं हुतं." आणि मग माझ्याकडे वळून, "तू काय बघतीस? का नुस्ती पुस्तकंच उचलतीस?"

मी दगड उचलला. माझ्यामागे सुईणीनं उचलला. मग बुधानं, रडत, नाक ओढत, "च्यायला, मीच ठेवल्यात ह्ये एवढं मोठं" असं म्हणत. गड्यांनी मोठे दगड वाहिले आणि रचले, पण ते फोडायला त्यांचे हात उठेनात. ते बायकांनी फोडले. मी याच हातोडीनं फोडले. ढिगाच्या आतले दगड गार होते, उन्हातही गार, आणि त्यांच्याखालची माती ओलसर. सगळ्यात तळाला ठमाबाईचा तो चपटा दगड होता. तो तिनं कुणाला फोडू दिला नाही. वळणाच्या बाहेरच्या कडेला, दरीच्या बाजूला, स्वतः बसवला.

दुसऱ्या दिवशी रूळ फिरला. खडी दबते तेव्हा खालून एक आवाज येतो, कुणीतरी भाजलेले चणे खातंय तसा. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांमधून मी तोच ऐकत होते. हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि चष्मा पुसायचं विसरले.

रस्ता टिकला. त्या पावसाळ्यात दोन ठिकाणी खचला, वाडीनं दिवाळीआधी भरून काढला. वळण खचलं नाही.

तिसऱ्या वर्षी माझे दिवस भरत आले तेव्हा मला कल्याणला न्यायचं ठरलं. डोलीनं नाही, बैलगाडीनं. गाडीत पेंढ्याची गादी, ठमाबाई माझ्या शेजारी, हे मागून चालत, आणि बुधा गाडी हाकायला. बैलांना तो गाडीभर शिव्या घालत होता, पण मला धक्का लागू नये म्हणून गाडी इतकी सावकाश नेत होता की शेवटी यांनीच म्हटलं, "अरे, नातवंड होईल तोवर!" वळणावर आल्यावर ठमाबाईनं गाडी थांबवली.

"का?" मी घाबरून विचारलं.

तिनं तांब्या पुढे केला. "पानी पी. हितं थांबलं तरी चालतंय आता."

मी प्यायले. बुधानं बैलांच्या पाठीवर हात ठेवून मान दुसरीकडे फिरवली. मग गाडी निघाली. संध्याकाळी आम्ही खालच्या गावात होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पारनाक्याला. चार दिवसांनी माझा मुलगा झाला. आत्ता शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलाय तो.

आमची बदली झाली, मग आणखी बदल्या, मग हे डोंबिवलीचं घर. ठमाबाई गेल्याचं पत्र बुधानं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. त्यानंतर त्याचंही काही कळलं नाही. यांना शेवटच्या आजारात एकदा विचारलं, सोनटेंभ्याला जाऊन यायचं का. म्हणाले, "आता रस्ता आहे. केव्हाही जाता येईल." ते जमलं नाही.

मी गेल्या महिन्यात एकटी जाऊन आले. एसटी वाडीपर्यंत जाते, दिवसातून दोनदा. वरून डांबर पडलंय. वळणावर गाडीनं हॉर्न दिला आणि वळली. थांबली नाही, थांबायचं कारण नव्हतं. तिथे ढीग नाही. कडेचा चपटा दगड आहे, त्याच्यावर कुणीतरी चुना लावलाय. बाकीचे दगड डांबराखाली आहेत. त्यांतले तेवीस मी ठेवलेले आहेत.